दोन किलोंचा अंगठा

ऑक्टोबर छाटणी लागली की दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांमध्ये पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या उतरतात. मांडवाखाली उभं राहायचं, मान मागे टाकायची, दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे आणि काडीवरचे डोळे (फुटव्याच्या कळ्या) मोजत काडीमागून काडी छाटत पुढे सरकायचं. कात्री असते फार तर पाव किलोची. पण माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो. पन्नास किलोच्या माणसाचा हात म्हणजे अडीच किलो. तो दिवसभर हवेत धरून ठेवायचा म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या स्नायूला, ट्रॅपेझियसला, दिवसभर सुट्टी नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालीश करणाऱ्याला दाखवताना बोट नेमकं तिथेच जातं: ‘इथं गाठ आलीय, जरा जोरात दाबा.’

या वाक्यातले दोन शब्द तपासण्यासारखे आहेत. ‘गाठ’ आणि ‘जोरात’.

आधी गाठ. स्नायूला थोडंच काम असतं तेव्हा त्यातले सगळे तंतू कामाला लागत नाहीत. लहान, चिवट, सहज जागे होणारे तंतू पहिल्यांदा उठतात आणि शेवटी निजतात. घरातल्या थोरल्या सुनेसारखं. काम हलकं असलं तरी त्यांचा दिवस लांबच असतो. मानेच्या दुखण्याचं मूळ या न सुटणाऱ्या तंतूंत आहे, असा एक अंदाज संशोधक मांडतात, आणि छाटणीचं काम पाहिलं की तो पटतो. शिवाय आकुंचन टिकून राहिलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. जितका वेळ हात वर, तितका वेळ रक्त कमी.

पण बोटाला लागणारी प्रत्येक गाठ म्हणजे हे तंतू नव्हेत. दोन अनुभवी फिजिओंना एकाच खांद्यात एकाच जागी गाठ सापडेल, याची खात्री नसते. तपासून पाहिलं तेव्हाही त्यांचं एकमत कमीच पडलं. खवाट्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) वरच्या आतल्या टोकाला जी टणक दोरी लागते, ती बहुधा मानेतून तिथे येऊन चिकटणाऱ्या दुसऱ्या स्नायूची, लेव्हेटर स्कॅप्युलीची मुळी असते. ती सगळ्यांनाच असते. त्याच्या थोडं खाली टणक लागते ती बरगडी. बरगडी ‘फोडायला’ निघालेले अंगठे कमी नाहीत.

आता जोर. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर घडी घातलेला रुमाल ठेवा आणि अंगठ्याने दाबून दोन किलोंवर काटा थांबवा. मग चार. मग डोळे मिटून पुन्हा दोन आणून दाखवा. ज्यांना आपला हात हलका वाटतो त्यांचा काटा पहिल्या खेपेला बऱ्याचदा दोनच्या पुढे जातो. अंगठ्याचं पेर साधारण चार चौरस सेंटिमीटर जागा व्यापतं. दोन किलो त्यावर पसरले तर पृष्ठभागावरचा दाब बीपीच्या पट्ट्याच्या भाषेत ३७०च्या आसपास जातो. केशवाहिन्यांमधला दाब जेमतेम ३० असतो. म्हणजे दोन किलोंतसुद्धा त्या जागेचं रक्त थांबलेलं असतं. अंगठा उचलला की कातडीवर आधी पांढरा ठसा दिसतो आणि मग लाली पसरते. तेच दोन किलो कोपराच्या टोकाने, एका चौरस सेंटिमीटरवर दिले तर दाब चौपट. कोपर वापरणाऱ्याने हे गणित पाठ करून ठेवावं.

आत काय होतं ते पाहू. स्नायूचा तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म खणांची एकापुढे एक जोडलेली माळ. एक खण साधारण अडीच मायक्रोमीटरचा. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या तंतूत चाळीस हजार खण. प्रत्येक खणात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात. हे सरकणं १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. शिवाय टायटिन नावाची एक प्रचंड लांब स्प्रिंग असते. खण ओढला गेला की ती ताणली जाते, सोडला की परत खेचते.

आता बारा सेंटिमीटरच्या पट्ट्याला मधोमध आडवा एक सेंटिमीटर ढकलला तर तो किती लांबतो? पायथागोरसला विचारा: १२ चे १२.१७ होतात. दीड टक्काही नाही. आपण बूट घालायला वाकतो तेव्हा मांडीमागचे स्नायू याच्या कितीतरी पट लांबतात. मग अंगठ्याने स्नायू ‘लांब केला’ या म्हणण्यात अर्थ उरत नाही.

तरी त्या आडव्या दाबात एक गंमत आहे, आणि ती मांडवाची तार ओढणाऱ्याला सांगावी लागत नाही. ताणलेल्या तारेला मधोमध बोट लावलं तर थोड्याशा दाबात दोन्ही टोकांवर भलती ओढ पडते. वरच्याच आकड्यांत दोन किलोंचा आडवा दाब पट्ट्यात सहा किलोंच्या घरात ताण निर्माण करतो. शरीरात हा हिशेब इतका स्वच्छ नसतो, कारण शेजारचं मांस, आवरण, चरबी सगळे वाटा उचलतात. पण तंतूंच्या आडवं दाबलं की ‘लागलं’ असं का वाटतं आणि तंतूंच्या दिशेने घसरत गेलं की नुसतं बरं का वाटतं, त्याचं उत्तर इथेच आहे. ओढ जाणवते, लांबी बदलत नाही.

स्नायूभोवतीच्या पांढऱ्या आवरणाचं, फॅशियाचं, तर विचारूच नका. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात तपासलं होतं की मांडीच्या बाहेरचं किंवा तळपायाचं जाड आवरण हाताने एक टक्का तरी दाबायचं झालं तर किती जोर लागेल. उत्तर शेकडो किलोंच्या घरात गेलं. नाकावरचं पातळ आवरण मात्र बोटांना सहज वाकतं. म्हणून ‘फॅशिया मोकळी केली’ हे वाक्य ऐकलं की शरीराचा कोणता भाग, एवढं तरी विचारावं.

लांबी बदलत नाही, तरी दहा मिनिटांत मान वळते. हे खरं आहे, आणि त्यामागे एकापेक्षा जास्त कारणं आहेत.

पुरणपोळीची कणीक आठवा. तिंबल्या तिंबल्या लाटायला घेतली तर लाटण्यामागून मागे सरकते. झाकून अर्धा तास ठेवली की तीच कणीक बोटाखाली पसरते. कणीक चिकटही आहे आणि लवचीकही; तिला वेळ हवा असतो. स्नायूही तसाच. एका लांबीवर ताणून धरला की धरायला लागणारा जोर हळूहळू उतरतो. दीड मिनिटात तो साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो, आणि बरीचशी घट पहिल्या वीस-तीस सेकंदांतच उरकते. सशाच्या स्नायूवर १९९० मध्ये झालेल्या प्रयोगात दहा वेळा ताण दिला, तर लांबीतली ८० टक्के वाढ पहिल्या चार खेपांतच मिळाली होती. पुढच्या सहा खेपा जवळपास फुकट. पण कणकेच्या या उपमेला एक मर्यादा आहे, आणि ती लक्षात न ठेवणारे लोक आठ-आठ मिनिटं एकाच जागी रगडत बसतात. जिवंत स्नायूतली ही सैलाई तासाभरात परत जाते.

दुसरं कारण दह्याचं. विरजण लागलेलं दही चमच्याने ढवळलं की पातळ होतं, थांबवलं की पुन्हा थोडं धरतं. बराच वेळ न हललेल्या स्नायूत मायोसिनची काही डोकी ॲक्टिनला हलकेच धरून बसलेली असतात. दोन-चार वेळा हलवलं की ती सुटतात आणि कडकपणा एकदम कमी होतो. निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो त्या सकाळी अंग लाकडासारखं वाटतं, त्यात थंडीबरोबर रात्रभर न हलण्याचाही हात असतो. याला मालीश करणारा लागत नाही. खांदे दहा वेळा गोल फिरवले तरी हेच होतं, आणि फुकट होतं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण मज्जासंस्था. स्नायूच्या आत चातीच्या आकाराच्या सूक्ष्म संवेदक गाठोड्या असतात, त्या लांबी आणि तिचा वेग मोजतात. त्यांच्या टोकाला पेशीच्या पडद्यात ओढल्यावर उघडणारी दारं असतात. पिएझो नावाची ही दारं २०१० मध्ये सापडली, आणि त्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तापमानाचे संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. दाबाचा विजेत अनुवाद करणारी ही यंत्रणा. द्राक्षाची बाळी (वेलीचा आधार धरणारा तंतू) तारेला टेकली की टेकलेली बाजू सावकाश आणि पलीकडची भराभर वाढते, आणि बाळी तारेभोवती वेढे घेते. तिला कुणी वाकवलेलं नसतं. तारेने फक्त स्पर्श केलेला असतो. हाताखालच्या माणसातही बरंच काही असंच घडतं.

पोटरी मळत असताना तिथल्या प्रतिक्षेपाची, म्हणजे स्नायूच्या आपोआप आकसण्याची, ताकद मोजली, तर हात चालू असेपर्यंत ती उतरलेली राहते आणि हात काढताच पूर्ववत होते. ताणाच्या व्यायामांचंही तेच. काही आठवड्यांनी पाय जास्त वर जातो तो मुख्यतः माणूस जास्त ओढ सहन करू लागतो म्हणून, स्नायू मऊ झाला म्हणून नव्हे. मेंदूने ‘चालेल’ म्हटलं, एवढाच बदल. हा बदल लहान नाही. पण ‘चालेल’ हे जबरदस्तीने वदवून घेता येत नाही. जोर वाढवला की माणूस श्वास धरतो, पायाची बोटं आवळतो, दुसरा खांदा कानाकडे नेतो. ही तीन लक्षणं दिसली की तुम्ही ज्या स्नायूला सैल करायला बसला आहात, त्यालाच कामाला लावलं आहे.

म्हणून छाटणीच्या खांद्यावर पुढचा क्रम बरा पडतो. माणसाला खुर्चीवर उलटं बसवा, पाठीच्या टेकूवर उशी, उशीवर दोन्ही हात. हाताचे ते अडीच किलो उशीने घेतलेच पाहिजेत, नाहीतर स्नायू तुमच्या अंगठ्याखाली काम करतच राहतो. मग मोजा: मान वळवून हनुवटी खांद्याच्या टोकापासून किती बोटं लांब राहते, उजवीकडे आणि डावीकडे. आकडा लिहून ठेवा. आठवणीवर सोडलात तर शेवटी सगळ्यांनाच बरं वाटलेलं असतं.

तेल चहाचा एक चमचा, पाच मिली, पुरे. जास्त तेलात बोटं नुसती घसरतात आणि आतल्या थराला ओढ पोहोचत नाही. कोरड्या हाताने कातडीच ओढली जाते आणि केसांची मुळं दुखतात. पहिली दोन मिनिटं तळहाताने सावकाश, सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर. कातडीत याच वेगाला सर्वाधिक प्रतिसाद देणारे मज्जातंतू असतात. बाळाला कुरवाळताना, न शिकता, आईचा हात याच वेगाने फिरतो.

मग खांद्याचा वरचा पट्टा वरून दाबायचा नाही, चिमटीत धरायचा. अंगठा मागे, चार बोटं पुढे, गळ्याच्या बाजूला न सरकता. गळ्याच्या कडेने मेंदूकडे जाणारी धमनी असते, तिथे अंगठ्याचं काही काम नाही. दुखणं दहापैकी पाच-सहा झालं की थांबा आणि तेवढाच दाब धरून ठेवा. वाढवू नका. तीस ते साठ सेकंदांत त्याच दाबाखाली दुखणं तीनवर येतं. आलं की सावकाश सोडा. एका जागी दोन, फार तर तीन वेळा. मिनिटभरात उतरलं नाही, उलट वाढलं, तर जागा चुकली आहे किंवा दुखणं दुसरंच आहे.

पुढची पायरी पुष्कळजण गाळतात, आणि ती गाळली की अर्धं काम राहतं. खांद्यावर हात ठेवा आणि त्याला खांदा कानाकडे उचलायला सांगा, पूर्ण ताकदीच्या पाव हिश्श्याने. सहा सेकंद. मग श्वास सोडत खांदा टाकून द्यायचा, वीस सेकंद तसाच. असं चार वेळा. पूर्ण ताकद लावली तर शेजारचे सगळे स्नायू मदतीला धावतात आणि कुणाला काय सांगितलं तेच हरवतं. खवाट्याच्या टोकावरच्या स्नायूसाठी हनुवटी दुसऱ्या बगलेकडे नेऊन हेच करायचं. शेवटी मान आणि खांदे त्याचे त्याला, दहा-दहा वेळा, मिळालेल्या टोकापर्यंत हलवू द्या. मिळालेली हालचाल वापरली नाही तर शरीर ती परत घेतं. मग पुन्हा बोटं मोजा. सगळं पंधरा मिनिटांत होतं.

रगडण्याने ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे मात्र आता सोडायला हवं. व्यायामानंतरचं लॅक्टेट शरीर स्वतःच तासाभरात संपवतं. उलट दाबाखाली रक्तप्रवाह अडतो, त्यामुळे जोरकस मालीश त्याच्या निचऱ्यात आडवंच येतं, असं मोजमापात दिसलं आहे. २०१२ मध्ये अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून, मग एकाच मांडीला दहा मिनिटं मालीश करून दोन्ही मांड्यांतले स्नायूचे तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. फरक होता तो पेशींच्या निरोपानिरोपीत: ओढ ओळखणारी प्रथिनं जागी झाली होती, सूज वाढवणारे संकेत मंदावले होते. म्हणजे पेशीला दाब कळतो. पण अकरा माणसांवरून दुकानाची पाटी रंगवू नये.

लांबी खरोखर बदलायची तर घड्याळ नाही, कॅलेंडर लागतं. मांजरीचा पाय प्लास्टरमध्ये स्नायू आखडेल असा ठेवला तर काही आठवड्यांत तंतूंतले ४० टक्के खण कमी झाले. ताणलेला ठेवला तर १९ टक्के वाढले. हे १९७२ चं काम. प्लास्टरमधल्या उंदरांना दिवसातून अर्धा तास ताण दिला तर खणांची ही गळती थांबली, हे पुढे १९९०मध्ये दिसलं. रोज अर्धा तास. आठवड्यातून एकदा पाऊण तास रगडून घेणाऱ्याने हा आकडा जरूर ऐकावा.

काही ठिकाणी हातच लावू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी झाली की मंगळवार-बुधवारी पोटऱ्या आणि मांड्या ठणकतात, जिना उतरताना जास्त. उतारावर स्नायू लांबत लांबत वजन झेलतो, त्यात खणांची खरीच मोडतोड होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं. हे आपोआप उतरतं. हलका हात, चालणं, पाणी, झोप. इथे अंगठा रोवणं म्हणजे फुटलेल्या खापऱ्या पुन्हा फोडणं. लघवी चहासारखी काळपट झाली तर मालीश नव्हे, त्याच दिवशी दवाखाना. एकच पोटरी सुजली, गरम लागते, चालताना भरून येते, तर आत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळून सुटली तर फुप्फुसात जाते.

आणि कबड्डीच्या मैदानावर मांडीला गुडघा बसला तर पहिले दिवस तेल-मालीश अजिबात नाही. आत साचलेलं रक्त चोळलं की मार लागलेल्या स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो. तीन-चार आठवड्यांनी ते एक्स-रेत पांढरं दिसू लागतं, आणि गुडघा वाकेनासा होतो. पहिल्या दिवशी बर्फ आणि दुखणं सोसेल तेवढा वाकवून ठेवलेला गुडघा. गावातल्या हाडवैद्याचा हात कितीही चांगला असला तरी ही जागा त्याच्यासाठी नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असलेल्याला दोन किलोही जास्त होतात, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस दहापैकी किती ते सांगूच शकत नाही.

छाटणीवाल्याच्या खांद्याचा मुद्दा मात्र मांडवाखालीच सुटतो. मान मागे टाकावी लागते ती उंचीमुळे. पायाखाली एक भक्कम पाट किंवा क्रेट उपडं घेतलं तर काडी डोळ्यांसमोर येते आणि कोपर खांद्याच्या खाली राहतं. एक झाड झालं की दोन्ही हात खाली सोडून दहा सेकंद झटकायचे. रक्त तेवढ्यात परत येतं. कात्री दुसऱ्या हाताने धरता येत असेल तर ओळ बदलताना हात बदलावा. दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी पुन्हा हनुवटी आणि खांद्यामधली बोटं मोजावीत. कालच्या मालीशनंतर दोन होती आणि आज दोनच आहेत, तर तसंच चालू द्या. परत चार झाली असतील तर अंगठ्याचा जोर वाढवण्याआधी क्रेटची उंची बघा. आणि दंडातून बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर खांदा सोडून मानेच्या मणक्यांची तपासणी करून घ्या.